ताई, विहिरीवरच्या त्या २०० सेकंदांबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला तुम्ही तिळगूळ द्यायला आमच्याकडे आलात आणि चहा घेऊन निघायच्या ऐवजी दोन तास विहिरीवर बसलात. त्या दोन तासांसाठी हे पत्र. फोनवर आभार मानले तर तुम्ही "राहू दे रे" म्हणून विषय बदलता. शिवाय तुम्ही जे दाखवलंत ते इकडच्या दुसऱ्या कुणा पोराच्याही कामी पडेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

मोर्शी तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. जानेवारीत आंबिया बहारासाठी (हिवाळ्यातल्या फुलोऱ्यासाठी) झाडांना दिलेला पाण्याचा ताण तोडला की ठिबकचं पाणी झाडाला नीट पोचायलाच हवं. शेतीची लाईन बरेचदा रात्रीच येते आणि बाबांना अंधारात बागेत जावं लागतं. ते टळावं म्हणून मी बीगलबोन ब्लॅक या लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर प्रवाह मोजायची सोय केली. पाण्याचं मीटर दर १० लिटरला एक पल्स (विजेचा इशारा) देतं, आणि दोन पल्समधला वेळ मोजणारा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे बोर्डला मीटरशी जोडणारा प्रोग्राम, मी लिहिला. चिपमधला हार्डवेअर टायमर २४ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला २ कोटी ४० लाख टिक. मी त्याचं रजिस्टर (आकडा ठेवणारी चिपमधली जागा) थेट वाचून आत्ताच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करत होतो. एका व्हॉल्व्हवरच्या शंभरेक झाडांना मिनिटाला ३० लिटर पाणी लागतं, म्हणजे दर २० सेकंदांनी एक पल्स. स्क्रीनवर रोज तेवढंच दिसायचं. तरी पूर्वेकडच्या ओळींची पानं मुडपत होती.

मी वायर बदलल्या, मीटर बदललं, चार रात्री कोड वाचला. तुम्ही लॅपटॉप उघडायलाच सांगितलं नाही. एवढंच विचारलंत, "पल्स किती वेळानं येते, ते डोळ्यानं पाह्यलं का तू?"

नव्हतं पाहिलं. मग आपण मीटरपाशी बसलो, तुमच्या मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू. २० सेकंद झाले, काही नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. २०० व्या सेकंदाला पल्स आली आणि स्क्रीन म्हणाली, मिनिटाला २८ लिटर.

तुम्ही काडीनं मातीवर हिशेब मांडलात. काउंटर ३२ बिटांचा, म्हणजे ४ अब्ज २९ कोटींच्या वर गेला की पुन्हा शून्यापासून सुरू. भागिले २ कोटी ४० लाख, आले सुमारे १७९ सेकंद. २०० मधून १७९ गेले, उरले २१. "टायमर खोटं नाही सांगून राह्यला. तो एक फेरा मारून आला अन तू फेरा मोजलाच नाही." काउंटर एकदा उलटला (शून्यावर परतला) तरी बिनचिन्ह, म्हणजे उणे आकडे न धरणारी, वजाबाकी बरोबर येते, हे मला ठाऊक होतं. पण ते दोन पल्समधलं अंतर एका फेऱ्याहून कमी असेल तरच खरं. पाणी चांगलं चालू असताना माझा ड्रायव्हर बरोबर होता. पाणी अडलं की तोच सगळं ठीक आहे म्हणून सांगायचा. फिल्टर उघडला तर गाळानं चोंदलेला. तुम्ही साडीचा पदर खोचून तो माझ्यासोबत धुतलात, आणि पुढची पल्स २० सेकंदांत आली.

मी लगेच म्हणालो, टायमर उलटला की इंटरप्ट (चिपकडून येणारी सूचना) घेऊन फेरे मोजतो. तुम्ही विचारलंत, फेऱ्यांचा आकडा वाचल्यावर आणि रजिस्टर वाचायच्या आधी नेमका तेव्हाच तो उलटला तर? तर १७९ सेकंदांची चूक, तीही कधीतरीच. अशी चूक घरी तपासताना सापडत नाही. फेरे, रजिस्टर, पुन्हा फेरे असं वाचून जुळेपर्यंत फिरायचं, हा तिच्यावरचा उपाय तुम्ही सांगितलात. आणि मग म्हणालात, की हे काम कर्नेलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, आधीच करून ठेवलंय. तेही असाच काउंटर वाचतं, पण तो पूर्ण फेरा मारण्याआधी परत परत वाचून बेरीज ६४ बिटांच्या नॅनोसेकंदांत धरतं. ती बेरीज भरायला २९२ वर्षं लागतात. ड्रायव्हरनं फक्त 'केटाइम गेट' या फंक्शनला वेळ विचारायची. कर्नेल लिहिणाऱ्यांपैकी थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनी २००६ साली कर्नेलच्या २.६.१६ आवृत्तीत आणलेल्या कामातलं हे. त्यांचेही आभार.

तुमची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. कर्नेलचा 'जिफीज' हा टिक मोजणारा काउंटर शून्यापासून सुरू होत नाही. तो मुद्दाम असा लावलाय की ३२ बिटांचा आकडा मशीन सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत उलटावा. सेकंदाला हजार टिक असतील तर एरवी तो ४९ दिवसांनी उलटला असता आणि चूक गिऱ्हाइकाच्या दारात सापडली असती. पाच मिनिटांत उलटला तर लिहिणाऱ्याच्या टेबलावर सापडते. अशी काळजी करणारी माणसं कर्नेलमध्ये आहेत, हे कळल्यापासून मला ते परकं वाटत नाही.

रजिस्टर थेट वाचणं सुटल्यामुळे ड्रायव्हर मित्राच्या रास्पबेरी पाय या चार कोअरच्या (एकाच वेळी चार कामं चालवणाऱ्या) बोर्डवरही चालला. पण मॉड्यूल (कर्नेलमध्ये चढवलेला ड्रायव्हर) काढताना कर्नेल कधीतरी कोसळायचं. रात्री अकराला फोन केला आणि तुम्ही उचललात. माझा कर्नेल टायमर, म्हणजे ठरल्या वेळी माझं फंक्शन (कॉलबॅक) चालवणारी कर्नेलची सोय, दर १०० मिलिसेकंदांनी स्वतःलाच पुन्हा लावत होता. त्या कर्नेलमधलं 'डेल टायमर' हे फंक्शन फक्त रांगेतला टायमर काढायचं. दुसऱ्या कोअरवर कॉलबॅक चालू असेल तर तो नंतर स्वतःला पुन्हा लावतो, तोवर मॉड्यूलची जागा मोकळी झालेली असते. बीगलबोनला कोअर एकच, म्हणून तिथं हे कधी घडलंच नाही.

कॉलबॅक संपेपर्यंत थांबणारं 'डेल टायमर सिंक' लावलं, तर मशीन गोठलं. मी स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरून ते बोलावत होतो आणि कॉलबॅकला तोच लॉक हवा होता. कॉलबॅक लॉक सुटायची वाट पाहतो, माझा कोड कॉलबॅक संपायची. तुम्ही उत्तर सांगितलं नाही. कागदावर दोन कोअर काढून एकेक ओळ चालवायला लावलीत आणि मला सापडेपर्यंत फोनवर गप्प बसून राहिलात. पाऊण तास. पुण्यात सकाळी तुम्हाला ऑफिस होतं.

आता २४ सेकंदांत पल्स आली नाही की बाबांच्या मोबाइलवर मेसेज जातो. मागच्या आठवड्यात पहाटे तीनला गेला. बाबा उजाडल्यावर गेले, फिल्टर धुतला, आणि मला उठवून म्हणाले, "त्या ताईले सांगजो." म्हणून सांगतोय.

आईनं तुमच्यासाठी तुरीची डाळ भरडून ठेवली आहे. पुढच्या खेपेला न्यायची आहे.

तुमचा,
विहिरीवरचा विद्यार्थी