तीन महिने गप्प बसू नकोस

लेस्टर (इंग्लंड), रविवार

चि. सौ. वैशूस अनेक आशीर्वाद.

तुला दिवस गेल्याची बातमी आईनं फोनवर सांगितली नि जीव हरखला. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही, असं आत्याबाईंनी बजावलंय म्हणे. गल्लीला नको सांगू, ते मलाही पटतं. पण आशाताईंना आणि डॉक्टरांना याच आठवड्यात सांग. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात, तेवढ्यात. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून घे, बारावा आठवडा सरेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून देतील.

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस आठवून लिहून ठेव. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की अंदाजे तारीख निघते. कर्नाटकात गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदीसाठी असतं ते तायी कार्ड आशाताई करून देतील. त्यावरचं कानडी समजलं नाही तर रकाना न् रकाना त्यांच्याकडून वाचून घे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे का, रक्तगट निगेटिव्ह आहे का, साखर, थायरॉईड, ब्लडप्रेशर किती, हे तुझं तुला माहीत असलं पाहिजे.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होते आणि चौथ्या महिन्यात बहुतेकींची ओसरते. उठल्या उठल्या मूठभर चुरमुरे खा, पोट रिकामं ठेवू नकोस. पण पाणीसुद्धा ठरेना, लघवी कमी नि गडद झाली, तर अंगावर काढू नकोस, सलाईन लागतं. दिवसभर झोप येईल, स्तन दुखतील, सारखं लघवीला लागेल. त्याची काळजी नको.

आता मिसरीचं. तोंडाला बरं वाटतं म्हणून हल्ली जास्तच लावतेस, असं आई म्हणाली. वैशू, निपाणीत तंबाखूवर किती चुली पेटतात, आईनं विड्या वळून आपल्याला कसं शिकवलं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच कळकळीनं सांगते. मिसरीतलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतं. अशा आयांची बाळं कमी वजनाची होतात, दिवस भरायच्या आधी येतात, कधी पोटातच जातात. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे खरं नव्हे. इथं पहिल्याच तपासणीत श्वासातला विडी-सिगारेटच्या धुराचा अंश यंत्रावर मोजतात, इतकी ही गोष्ट मोठी मानतात. ब्रश वापर, हुक्की आली की बडीशेप चघळ. आत्याबाई मिसरी भाजायला बसल्या की तू बाहेर जा. विड्यांचं सूपही सध्या बाजूला ठेव. सुटत नसेल तर डॉक्टरांना उघड सांग, लाजू नकोस.

रक्त दिसलं, ओटीपोटात एका बाजूला कळ आली, खांद्याच्या टोकाला दुखलं, चक्कर आली, तर १०८ ला फोन करायचा. गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत राहिला असेल तर तास मोजायला वेळ नसतो. थोडा डाग पुष्कळदा आपोआप थांबतो, तरी दाखवायचाच.

आणि एक. दिवस गेल्याचं कळलेल्या शंभर बायकांत दहा ते वीस जणींचं मूल पहिल्या महिन्यांत जातं. बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. घागर उचलली, पपई खाल्ली म्हणून ते झालं, असं नसतं. देव करो नि तुझ्यावर ती वेळ न येवो. पण आली आणि कुणी तुला बोल लावला, तर रात्री-अपरात्री मला फोन कर. सगळ्यांपासून लपवलेलं दुःख बाईला एकटीला गिळावं लागतं. म्हणून निदान आई आणि मी, आम्हा दोघींपासून काही लपवू नकोस.

११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीला तुझ्या नवऱ्याला सोबत ने. मुलगा की मुलगी हे कुणी विचारायचं नाही, तो गुन्हा आहे. मिसरीचा मजकूर आत्याबाईंना तूच वाचून दाखव, माझा नमस्कार सांगून.

तुझी,
अक्का