आईला विचारून फोटो काढणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आई गेल्यापासून हे पत्र लिहायचं राहून जात होतं. लिहायला बसलं की रडू येतं. आज लिहूनच टाकते.

तुमच्या आधी एक फोटोग्राफर येऊन गेले होते. आल्या आल्या तोंडावर फ्लॅश मारला. मग म्हणाले, "नाकातली नळी दोन मिनिटं काढता येईल का? फोटो चांगला येईल." ऑक्सिजनची नळी! तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. "आजारपणाचे कसले फोटो काढता?" असं म्हणून नाक मुरडणारे नातेवाईक होतेच.

तुम्ही ट्यूबलाइट बंद करून पलंग खिडकीशी घ्यायला लावलात. काविळीचा पिवळेपणा कृष्णधवल फोटोत जाणवत नाही, हे मला बाजूला घेऊन सांगितलंत. शटरचा आवाजसुद्धा बंद ठेवलात.

पण मला रोज आठवतं ते वेगळंच. पहिला फोटो काढून तुम्ही कॅमेरा आईसमोर धरलात आणि विचारलंत, "काकू, ठेवू की काढून टाकू?"

कित्येक महिन्यांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. सुई कधी, जेवायला काय, कुठल्या कुशीवर झोपायचं, सगळं आम्ही आणि डॉक्टर ठरवायचो. तिनं चष्मा मागून घेतला, नीट पाहिलं. "काढून टाका. गाल फार बसलेत." तुम्ही "छान दिसताय की" असं खोटं बोलला नाहीत. तिच्यादेखत तो फोटो पुसलात. पुढचाही तिनं नापास केला. मग मात्र तिला हुरूप आला. डोक्याचा स्कार्फ बदलून घेतला, नातवाला जवळ ओढलं आणि म्हणाली, "हं, आता काढा."

तो तिनं ठेवला. नळीसकट.

पैशांचं विचारलं तर तुम्ही विषयच बदललात. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेल्या एका संस्थेचे स्वयंसेवक दगावलेल्या बाळांचे फोटो आईवडिलांना मोफत काढून देतात, ते सांगत बसलात. अशी माणसं आहेत म्हणून दुःखातही घराचं दार उघडं ठेवावंसं वाटतं. समोरचा कितीही खंगला तरी त्याचं मत विचारायचं, एवढी माणुसकी भल्याभल्यांना सुचत नाही.

नाक मुरडणाऱ्या मामींनाही आता त्या फोटोची प्रत हवी आहे. फोनवर पाठवू नका, कागदावरच छापून द्या. कधी न्यायला येऊ, तेवढं कळवा.

तुमची,
काकूंची मुलगी