सोनूच्या आवाजाबद्दल

गॉथेनबर्ग, स्वीडन, 2 ऑगस्ट

ती. बाबांस सा. नमस्कार,

आईचा फोन आला होता. सोनू बाथरूममध्ये कोंडून घेतो, अंगात आल्यासारखा ओरडतो, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म तसाच पडलाय, आणि शेजारच्या काकू विचारतात, "काहून बाप्पा, पोराले काही झालं काय?" तुम्ही फोनवर आलाच नाहीत, म्हणून लिहिते. "त्याला समजाव" असा निरोप होता. आधी तुम्हालाच समजावते, रागावू नका.

सोनू डेथ मेटल गायचा सराव करतोय, म्हणजे घरघरत्या, गुरगुरत्या आवाजात गायचं दणदणीत रॉक संगीत. तो घसा फाडत नाही, निदान फाडायला नको. आपल्या स्वरतंतूंच्या जरा वर आणखी दोन घड्या असतात. घास गिळताना श्वासनलिका बंद करायला त्या मिटतात. डेथ मेटल गाणारे पोटातून दाबून सोडलेल्या हवेने बहुधा त्याच घड्या थरथरवतात, तीच ती घरघर. गंमत म्हणजे समोर उभं राहून ऐकलं तर आवाज वाटतो तेवढा मोठा नसतो, बाकीचं काम माइक करतो. इथे एका मैत्रिणीच्या सरावाला गेले होते. माइक बंद पडला, तर ड्रमपुढे तिचं काही ऐकूच येईना! सोनूचा घसा दुखत असेल तर तो चुकीचं करतोय. मग ज्येष्ठमधावर भागवू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या.

राहिला पैसा. तो नाही, खोटं कशाला सांगू. इथल्याच ॲट द गेट्स बँडचा गायक तोमास लिंडबर्ग. 1995 मध्ये आलेल्या त्यांच्या अल्बमची नक्कल अमेरिकेतली पोरं पुढे वर्षानुवर्षं करत राहिली, पण बँड दुसऱ्याच वर्षी मोडला. मग बारा वर्षांनी पुन्हा जमले. जगभर नाव झालेला हा माणूस शाळेत शिकवायचा बाबा, तुमच्यासारखा. 2025च्या सप्टेंबरात, 52व्या वर्षी, कर्करोगाने गेला. पहिल्या मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने नव्या अल्बमचं सगळं गाणं एका दिवसात रेकॉर्ड करून ठेवलं होतं. मी काही त्याची मोठी चाहती नव्हे, पण ते वाचलं त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही.

आणि हो, बायकाही गातात हे. आर्च एनिमी बँडच्या अँगेला गोसोने 2014 मध्ये गाणं थांबवलं, पण त्याच बँडची मॅनेजर म्हणून काम चालू ठेवलं. हिशेब कळणारी बाई!

इथे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्था बँडना सरावाची खोली स्वस्तात देतात. आपल्या सोनूला बाथरूम आहे, आणि तेही सकाळी तुम्हाला हवं असतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच: फॉर्म त्याने भरावा, मी त्याच्याशी बोलते. पण गच्चीवरची अडगळीची खोली त्याला संध्याकाळी दोन तास द्या. जुन्या गाद्या भिंतींना लावल्या की काकूंचीही तक्रार मिटेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तेव्हा तुम्ही दरवर्षी "घेऊन जा गे मारबत" म्हणून जागनाथ बुधवारीपासून ओरडत जाता आणि पुढे तीन दिवस खुणांनी चहा मागता. यंदा सोनूलाही न्या, तुमच्याइतकंच ओरडायला सांगा. दुसऱ्या दिवशी कोणाचा आवाज बसला ते आईला फोनवर सांगायला लावा. तुम्हाला बोलता येणार नाहीच.

तुमची,
मीनू