प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

बीड जिल्ह्यातील आपल्या महाविद्यालयात मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतले, तेव्हा ‘हे शिकून पुढे काय’ असे घरी रोज विचारले जाई. आज मी एका संशोधन प्रकल्पात गावोगाव मुलाखती घेण्याचे काम करते, आणि त्याचे श्रेय तुमचे आहे, हे मला जाहीरपणे लिहायचे आहे.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी हंगामाहून परतलेल्या ऊसतोड कुटुंबांना भेटले होते. मुलाखत अनुसूचीत ‘व्यवसाय’ या रकान्यात जवळजवळ प्रत्येक बाईपुढे मी ‘घरकाम’ लिहिले होते, कारण त्यांनी मला तसेच सांगितले होते. तुम्ही रागावला नाहीत. एवढेच विचारलेत, “एक कोयता म्हणजे किती माणसे?” नवरा-बायको मिळून एक कोयता, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. “मग तुझ्या तक्त्यात मोळ्या बांधणारी बाई कुठे गेली?” असे म्हणून तुम्ही मला पुन्हा त्याच घरी पाठवलेत आणि व्यवसाय न विचारता फडावरचा एक दिवस विचारायला सांगितलेत. त्याच बायका मग पहाटेच्या स्वयंपाकापासून डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरण्यापर्यंतचे सगळे सांगत गेल्या. मात्र नवऱ्याने टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, हे त्यांपैकी अनेकींना माहीत नव्हते. गावोगाव हिंडून नात्यांची नावे गोळा करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्याविषयी तुम्ही वर्गात इतक्या आस्थेने का बोलत होता, ते मला त्या दिवशी उमगले.

सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या सेट परीक्षेच्या तयारीतही तुमचाच आधार आहे. विषयाच्या दुसऱ्या पेपरातील १०० प्रश्नांपुढे सर्वांसाठी समान असलेल्या पहिल्या पेपरातील ५० प्रश्नांकडे मी दुर्लक्ष करीत होते. तुम्ही कॉलेज सुटल्यावर थांबून माझ्याकडून आकडेवारीचे तक्ते सोडवून घेतलेत. घरी येऊन वडिलांना या विषयातल्या नोकऱ्या समजावून सांगितल्यात, म्हणूनच एम.ए.ला पाठवायला ते तयार झाले.

गेल्या महिन्यात आमच्या प्रकल्पात नव्याने आलेल्या मुलींना प्रशिक्षण देण्याचे काम माझ्याकडे आले. मी सुरुवात ‘एक कोयता म्हणजे किती माणसे’ या प्रश्नानेच केली.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी