व्यायाम बदलू नका, वजन वाढवा

संपादक महोदय,

‘स्नायूंना सवय होऊ देऊ नका, दर आठवड्याला व्यायाम बदला’ हा सल्ला आरोग्यविषयक लेखांत वारंवार वाचायला मिळतो. वजने उचलून शरीर कमावू पाहणाऱ्या नवख्यांचे यामुळे मोठे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

नवा व्यायाम धरला की पहिले काही आठवडे उचलले जाणारे वजन भराभर वाढते. ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. हालचाल अंगवळणी पडते, स्नायूंतले अधिक तंतू एकदम कामाला लागतात. स्नायू डोळ्यांना दिसेल इतका भरायला पुढे महिने जातात. सतत व्यायाम बदलणारा त्या पहिल्या टप्प्यातच घोटाळत राहतो. वर नव्या व्यायामाने अंग जास्त दुखते आणि तीच प्रगती वाटू लागते. दुखणे एवढेच सांगते की ताण अनोळखी होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलोर्म यांनी जखमी सैनिकांसाठी वाढत्या भाराची पद्धत बसवली. जेमतेम १० रेप्स (एकाच हालचालीच्या सलग आवृत्त्या) निघतील ते वजन ठरवायचे. पहिला सेट, म्हणजे न थांबता केलेल्या रेप्सचा एक गट, त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण वजनाने. भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा, हे तत्त्व आजही टिकून आहे.

स्नायूंचा आकार वाढवायचा तर ८ ते १२ रेप्सचे ३ सेट घ्यावेत. तिन्ही सेटमध्ये १२ रेप्स निघाले की बारच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढवावी. रेप्स पुन्हा ८-९ वर येतील. तिथून परत वर चढायचे. आणखी एक-दोन रेप्स नीट निघाले असते, अशा वेळी सेट थांबवावा. पाच-सहा शिल्लक ठेवले तर स्नायूला पुरेसे कारण मिळत नाही; प्रत्येक सेट पार दमेपर्यंत ताणला तर पुढचे सेट कोसळतात. मध्ये २ ते ३ मिनिटे विश्रांती हवीच, नाहीतर स्नायूच्या आधी दम संपतो. प्रत्येक स्नायूला आठवड्याला साधारण १० सेट, दोन दिवसांत वाटून.

आकार हलक्या वजनानेही वाढतो, मात्र सेट थकव्याच्या जवळ न्यावा लागतो. कमाल ताकदीला ही सवलत नाही. तिथे एका रेपच्या कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास, ३ ते ५ रेप्स आणि ३ ते ५ मिनिटे विश्रांती लागते. ते कमाल वजन नवख्याने प्रत्यक्ष उचलून पाहू नये. रेप्सना ३० ने भागून त्यात १ मिळवा आणि वजनाने गुणा: ६० किलोचे ५ रेप्स निघत असतील तर अंदाजे ७० किलो.

वजन वाढते पण स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन मारलेली बैठक) दर आठवड्याला उथळ होत जातो, ही नेहमीची फसगत. मांड्या जमिनीला समांतर जात नसतील तर वाढलेला आकडा खोटा. सलग दोन-तीन वेळा एकाच वजनावर अडलात तर १० टक्के उतरवून पुन्हा चढा. त्याआधी झोप आणि प्रथिने तपासा. शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलणे) एकट्याने करताना रॅकच्या, म्हणजे बार ठेवायच्या चौकटीच्या, आडव्या सुरक्षा-दांड्या छातीच्या किंचित खाली लावल्याशिवाय बार उचलूच नये.

नव्या व्यायामांच्या चित्रांऐवजी आपण एकदा नोंदवहीचा तक्ता छापावा, ही विनंती: तारीख, व्यायाम, वजन, प्रत्येक सेटचे रेप्स आणि शिल्लक राहिलेले रेप्स.

– एक वाचक