बाबांच्या सहीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू म्हणालीस, "त्यांच्यावर औषधांचे प्रयोग करू द्यायची नाही मी." म्हणून सविस्तर लिहिते. डॉक्टरांनी सांगितलेल्या अभ्यासात औषध नाहीच. वर्षाला एकदा एमआरआय, रक्त, भाषेच्या नि स्मरणाच्या चाचण्या, आणि तुझ्याशी निवांत बोलणं. ते बोलणं सगळ्यात मोलाचं. कारण बाबा तारीख-वार अचूक सांगतात, दवाखान्यात धडधाकट दिसतात. येळवसला शेजाऱ्यांच्या पानातली भज्जी त्यांनी उचलून खाल्ली, काकांच्या मयतीत हसले, हे तू पाहिलंस. गावानं म्हातारचळ म्हणून टाकलं. आई, हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा आजार आहे; कपाळामागचा नि कानशिलाजवळचा मेंदू झिजतोय. माणसाची भीड तिथंच सांभाळली जाते. यात बाबांचा काही दोष नाही, हे गावाला मी सांगेन.

प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी असा रुग्ण १८९२ मध्ये नोंदवला, तरी हा आजार थोपवणारं औषध अजून नाही. प्रोग्रॅन्युलिन हे प्रथिन वाढवणारं एक औषध अखेरच्या टप्प्यापर्यंत पोचलं होतं. २०२५ मध्ये निकाल आला: प्रथिन वाढलं, आजार मंदावला नाही. मला फार वाईट वाटलं. बहुतेक रुग्णांत मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचलंय की टीडीपी-४३ नावाचं, हेच जिवंतपणी खात्रीनं कळत नाही. ते कळल्याशिवाय नेमकं औषध कुणाला द्यायचं? म्हणून हे वर्षानुवर्षं बघत राहणारे अभ्यास लागतात.

बाबा, आता तुमच्याशी. सही तुम्हीच करावी, सगळं समजतंय तोवर. पुढं ती आईला करावी लागेल, आणि "त्यांना हे चाललं असतं का?" हा प्रश्न तिच्या उशाशी बसेल. तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, त्यानं उपचार थांबत नाहीत.

रक्तात जनुकदोष निघाला, तर तो माझ्यात किंवा दादात असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के. आपली तपासणी करायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मी करणार आहे. दादाला नकोय, त्याला आग्रह करू नका.

पुढं कुणी औषधाची चाचणी सुचवली, तर आधी सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे. भाग घ्यायला पैसे मागितले, तर सरळ उठून या.

शनिवारी मराठी संमतीपत्र घेऊन औशाला येते. मोठ्यानं वाचू. बाबा, जिथं अडेल तिथं मला थांबवा.

तुमची लेक