जीबीएसचे पेशंट पुढे कसे आहेत, तेही छापा की

संपादक महोदय, स.न.वि.वि.

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीर स्वतःच्याच नसांवर म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला करतं आणि हातपाय लुळे पडतात) पेशंट सापडायला लागले तेव्हा रोज पेपरात आकडे असायचे, आज नवीन इतके, व्हेंटिलेटरवर इतके. आकडे वाढायचे थांबले आणि बातम्याही थांबल्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे, यातले काही जण अजून माझ्याकडे येतात, म्हणून लिहितोय.

तेव्हा जिकडेतिकडे 'गूढ आजार' चाललं होतं, ते वाचून खरं सांगायचं तर वैताग यायचा. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी 1916 मध्ये याच्यावर पेपर लिहिलाय (नावात बिचारा स्ट्रोल राहूनच गेला). आणि जुलाबानंतर आठ-पंधरा दिवसांनी पायातला जोर जातो तो का जातो, हे शोधण्यात लोकांनी आख्खं करिअर घातलंय. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले न्यूरॉलॉजिस्ट जॅक ग्रिफिन त्यातलेच एक, 2011 मध्ये गेले. आयुष्यभर नसा हाच विषय. नसेच्या आतून प्रोटीनची ने-आण कशी चालते इथून सुरुवात, आणि पुढे कातडीचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले बारीक नसांचे धागे मोजायचे ही टेस्ट रुळवण्यातही त्यांचा हात होता.

पण मला सांगायचंय ते चीनचं. हेबेई प्रांतात दर उन्हाळ्यात खेड्यापाड्यातली मुलं एकदम लुळी पडायची, वाटायचं पोलिओ, पण पोलिओ नव्हता. गाय मॅकॅन, आर्थर अ‍ॅसबरी, ग्रिफिन आणि तिथले चिनी डॉक्टर यांनी शिजियाझुआंगच्या हॉस्पिटलात ही मुलं तपासली, 1991 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापलं. तोवर पुस्तकी समज अशी की जीबीएसमध्ये नसेवरचं मायलिन सोलवटतं, म्हणजे वायरचं कव्हर जातं. इथे कव्हर धड आणि आतली तारच निकामी! आणि तीही फक्त हालचालीच्या नसांची. म्हणजे तळव्याला गुदगुल्या केल्या तर मुलाला कळतात पण पाय काही मागे घेता येत नाही. पुढे दगावलेल्या पेशंटच्या नसा मायक्रोस्कोपखाली पाहिल्या तर मायलिनच्या दोन तुकड्यांमधल्या उघड्या जागी अँटिबॉडी जाऊन बसलेल्या, आणि तिथूनच शरीराच्या संरक्षक पेशी आत शिरून तारेला भिडलेल्या. ग्रिफिन यांचं हे काम मला सगळ्यात भारी वाटतं.

मग यांनी रक्त तपासलं. पेशंटपैकी 66 टक्के लोकांत नुकत्याच झालेल्या कॅम्पिलोबॅक्टर या जंतूच्या इन्फेक्शनची खूण मिळाली, त्याच भागातल्या धडधाकट लोकांत 16 टक्के. हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात असतो, घाण पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जातो. त्याच्या अंगावरची साखर आपल्या नसेवरच्या साखरेसारखीच दिसते, त्यामुळे शरीर जंतूला मारता मारता स्वतःच्या नसेवर घसरतं. जपानच्या डॉक्टर युकींनी 2004 मध्ये सशांना त्या जंतूतला पदार्थ टोचून ते लुळे पडतात हे दाखवलं, विषय संपला. आणि 2025 मध्ये पुण्याच्या पेशंटमध्ये सापडला कोण, तर हाच कॅम्पिलोबॅक्टर. गूढ कसलं डोंबलाचं!

आता माझ्याकडचं सांगतो. एकच आजार म्हणतो आपण, पण एक जण महिन्याभरात जिना चढतो आणि दुसऱ्याचं पाऊल वर्षानंतरही लोंबतंय, चालताना चप्पल कधी निसटते ते त्याला वळून बघितल्यावर कळतं. नस नुसती अडकली असेल तर मोकळी होते, पण तार आतून तुटली असेल तर नवीन धागा दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढतो, आणि कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर धरा, म्हणजे हिशोब कळेल. घरच्यांचे पैसे तर आधीच इम्युनोग्लोब्युलिनमध्ये (या आजारावर शिरेतून देतात ते अँटिबॉडीचं औषध) संपलेले असतात. किलोमागे 0.4 ग्रॅम, असे पाच दिवस, म्हणजे 60 किलोच्या माणसाला पाच ग्रॅमच्या 24 बाटल्या. त्यानंतर काटछाट होते ती पहिली फिजिओची. घरी करू म्हणतात, आणि करत नाहीत, कोणाला दोष देणार.

तेव्हा विनंती एवढीच की तुमचा एखादा वार्ताहर परत या भागात पाठवा. किती जण आधाराशिवाय चालतात, किती कामावर परतले, कोणाच्या हाताला अजून शर्टाचं बटण लागत नाही, डिस्चार्जनंतर एनसीव्ही टेस्ट (नसेतून सिग्नल किती वेगाने जातो ते मोजणारी) परत किती जणांची झाली, आणि या सगळ्यांची नोंद एका जागी कोणी ठेवतंय का, हे विचारा. पेशंट बोलायला तयार आहेत, मी दोघांना विचारलंय.

कळावे,
एक फिजिओथेरपिस्ट, धायरी